तळाच्या सोळा ओळी

गिरगावातली एखादी चाळ पुनर्विकासाला गेली की सामानाचा टेम्पो यायच्या आधी माळा रिकामा होतो. तांब्यापितळेची भांडी लेकीकडे जातात, पाट भाच्याकडे, आणि पिशवीत कोंबलेल्या व्हीएचएस कॅसेटी जवळच्या व्हिडिओवाल्याकडे येतात. कुणाची मुंज, कुणाचे लग्न, मंडळाचे विसर्जन, नाट्यस्पर्धेत काकांनी केलेला प्रयोग. ‘सगळ्याची डीव्हीडी करून द्या’, एवढीच ऑर्डर. समुद्राकाठच्या दमट हवेने टेपवर पांढरी बुरशी धरलेली असते, ती काढण्यातच दोन दिवस जातात. त्यानंतर कॅप्चर आणि मग तो प्रश्न, ज्यावर या धंद्यात फारसे कुणी बोलत नाही: चित्र कुठे कापायचे?

टेप संगणकावर चढवली की चित्राच्या अगदी तळाशी एक वाकडी, थरथरती पट्टी दिसते. गिऱ्हाईक म्हणते, हे पूर्वी नव्हते. पूर्वीही होते. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात. एक फील्ड, म्हणजे एका चित्राच्या निम्म्या ओळी, संपत आले की एका हेडचे काम दुसऱ्याकडे जाते आणि त्या अदलाबदलीत तळाच्या आठ-दहा ओळी विस्कटतात. जुन्या डबा टीव्हीवर चित्राच्या कडा काचेच्या चौकटीआड जात, त्यामुळे ही खोड कुणाच्या नजरेस पडली नाही. सपाट पडद्याने ती उघडी पाडली, एवढेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय चुकीचा आहे. तळाच्या ओळी कापायच्या आणि उरलेले चित्र ताणून पुन्हा ५७६ ओळींचे करायचे. पाल पद्धतीत या ५७६ ओळी म्हणजे २८८ ओळींची दोन फील्ड, एकमेकांपासून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने दूर. असे इंटरलेस चित्र तसेच उभे ताणले की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकांत मिसळतात. बसलेल्या आजीवर काही कळत नाही. लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या हातांना मात्र कंगव्याचे दात फुटतात.

पट्टी कापू नये, झाकावी. तळाच्या सोळा ओळी काळ्या कराव्यात आणि बाकी चित्राला हात लावू नये. सोळाच का? डीव्हीडीचा एमपेग-२ चित्राचे १६ बाय १६ ठोकळे पाडतो. काळी कड बरोबर ठोकळ्याच्या सीमेवर आली की एन्कोडर तिच्यावर जवळजवळ काहीच खर्च करत नाही; मध्येच आली की तिथे मुंग्या येतात. चित्र मधोमध दिसावे म्हणून वर-खाली सरकवायचेच असेल तर चारच्या पटीत सरकवावे. इंटरलेस चित्रात रंगाच्या ओळी निम्म्या असतात आणि त्याही दोन फील्डांत वाटलेल्या, त्यामुळे एक-दोन ओळी इकडेतिकडे झाल्या की लाल शालूचा रंग नवरीच्या खांद्यावरून घसरतो. बाजूच्या कडांचा प्रश्न त्याहून सोपा. ७२० पिक्सेलच्या रुंदीत खरे चित्र सुमारे ७०४ पिक्सेलांचे असते. दोन्हीकडचे आठ-आठ काढून ७०४ बाय ५७६ अशी फाइल ठेवली तरी ती डीव्हीडीच्या नियमात बसते आणि कुणी जाड किंवा बारीक दिसत नाही.

फील्डचा क्रमही याच वेळी तपासावा. डीव्ही कॅमेऱ्याच्या टेपवर खालचे फील्ड आधी असते, अनेक कॅप्चर कार्डांत वरचे. दोन्ही प्रकारच्या क्लिपा एकाच टाइमलाइनवर टाकून रेंडर मारला की अर्धी वरात सरळ चालते आणि अर्धी थरथरत.

इथपर्यंत अज्ञान. पुढचा प्रकार हौसेचा. गिऱ्हाइकाच्या घरी मोठा टीव्ही आला आहे आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या त्याला खुपतात. मग चार-तीनचे चित्र सोळा-नऊमध्ये ‘भरून’ दिले जाते. हिशेब सरळ आहे: ५७६ ओळींपैकी ४३२ उरतात. १४४ ओळी, म्हणजे चित्राचा पाव हिस्सा, कचऱ्यात. लग्नात वरून मुंडावळ्या जातात, खालून सप्तपदीची पावले.

नाचाच्या बाबतीत तर हा गुन्हाच. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर उभे केले. त्याच राजकमलचा ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ चा. हिंदीत रुंद चौकटीचा सिनेमास्कोप आला तो ‘कागज के फूल’बरोबर, १९५९ मध्ये, म्हणजे ‘झनक झनक’मधले गोपीकृष्ण यांचे कथक जवळपास चौकोनी चौकटीसाठी बेतलेले होते. त्याचा पाव भाग उडवला तर ज्याच्या नावाने चित्रपट आहे तेच पैंजण चौकटीबाहेर जाते. मग मंडळाच्या रंगमंचावर हौशी बाईने केलेल्या लावणीला वेगळा न्याय कशाला?

चौकट खाण्याचा हा रोग डिस्कपेक्षा जुना आहे आणि त्याची दोन्ही टोके गिरगावातच सापडतात. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा फिल्मवरच्या दोन छिद्रओळींमधली सगळी रुंदी चित्राची होती. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि बोलपटांबरोबर त्या रुंदीत ध्वनीची पट्टी भागीदार म्हणून आली. पुढे मूकपटांच्या प्रती बोलपटाच्या चौकटीतून काढल्या गेल्या तेव्हा जगभर अनेक मूकपटांची एक बाजू झाकली गेली. मूळ निगेटिव्ह हाताशी नसेल तर ती बाजू परत येत नाही.

आता ‘ऑटो क्रॉप’. हे बटण चित्रातल्या काही फ्रेमा पाहते आणि जिथे काळे तिथे कड, असे ठरवते. चित्रपटाच्या प्रतीवर ते बऱ्यापैकी चालते. नाटकावर नाही. साहित्य संघ, दामोदर किंवा शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेमागे तिपाई लावून घेतलेले चित्रण आठवून पाहावे. तिसरी घंटा, अंधार, मग एका खुर्चीवर प्रकाशाचा गोल. बटणाला वाटते बाकी सगळी कडच आहे. दुसऱ्या अंकात विंगेतून येणारे पात्र मग अर्धेच येते. नाटकाच्या टेपला क्रॉपचे आकडे हाताने भरावेत, तेही सर्वांत उजळ प्रवेश पाहून.

मोबाइलवर उभे धरून केलेले चित्रण हे अलीकडचे नवे दुखणे. लालबाग-परळच्या कारखान्यांतून वीस फुटी मूर्ती बाहेर पडते तेव्हा हजार हात फोन उभा धरतात, आणि ते बरोबरच आहे. मूर्ती उभी आहे. पण हेच चित्र आडव्या पडद्यावर भरायला गेले तर उंचीचा तिसरा हिस्सासुद्धा उरत नाही. वीस फुटांतले जेमतेम सव्वासहा. मुकुट दाखवायचा की चरण, हे कारागिराने नाही, व्हिडिओवाल्याने ठरवायचे? बाजूला काळे सोडावे. त्याच चित्राची धूसर प्रत मागे पसरण्याची फॅशन आहे, तीही टाळावी. डिस्कचा बिटरेट त्या धुरातच जातो.

बिटरेटचे गणित एकदा कागदावर मांडावे. तीन तासांची टेप ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायची तर आवाज धरून सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास मिळतात. व्हीएचएसचा खरखराट त्यातला मोठा वाटा खातो. अशा वेळी ३५२ बाय ५७६ हा आकार वापरावा. डीव्हीडीला तो चालतो आणि व्हीएचएसच्या आडव्या तपशिलात त्याने फारसे काही कमी होत नाही. सवयीने ७२० ठेवून चित्राचे चौकोन पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

कापलेले, झाकलेले, आवळलेले हे सगळे डिस्कपुरते. कॅप्चर केलेली मूळ फाइल मात्र आहे तशी, तळाच्या थरथरत्या पट्टीसकट, ठेवली पाहिजे. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी फुनाई कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. रेकॉर्ड करण्याच्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटी सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्या. ती टेप पुन्हा चालवायला मशीन मिळेलच असे नाही. म्हणून डिस्कचे पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देताना व्हिडिओवाल्याने एक पेन ड्राइव्ह मागून घ्यावा आणि न कापलेली फाइल त्यात भरून द्यावी. त्याचे वेगळे पैसे लावायलाही हरकत नाही.