खान कोणाचा?

तुमच्या ग्रुपमध्ये तो एक जण असतोच. पिक्चर सुटल्यावर पार्किंगमध्येच सुरू होणारा, 'सीरियलमध्ये असं नव्हतं यार!' आमच्या घरात तो माणूस म्हणजे माझे मामा. मुक्काम गोंदिया. दिवसभर राईस मिलचे हिशेब आणि डोक्यात कायम स्टारशिप एन्टरप्राइझ!

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची. अमेरिकेत ती 1966 ते 1969 अशी तीनच सीझन चालून बंद पडलेली. एपिसोड 79. पण फॅन्सनी पिच्छा सोडला नाही आणि 1979 मध्ये पहिला सिनेमा आला. त्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा होती, 1965 ची मिस इंडिया. रोलसाठी तिनं चक्क टक्कल केलं! सिनेमा मात्र इतका संथ की फॅन्सनीच त्याची टिंगल केली. मामांचं मत? 'जहाज पाहाले मजा आली. बाकी झोप.'

मग 1982 चा 'द रॅथ ऑफ खान'. मामांनी तो व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला आणि त्यांचा देव ठरला. कॅप्टन कर्क नव्हे, व्हिलन! खान नूनियन सिंग. 1967 च्या मूळ एपिसोडमध्ये हा माणूस उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असं एक पात्र म्हणतं. हुशार, देखणा, जहाजावरच्या सगळ्यांना भारी पडणारा. परदेशी सीरियलमध्ये आपला माणूस म्हणजे साप खेळवणारा, हे पाहून वैतागलेल्या पिढीला आणखी काय हवं?

आता 2013. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' लागला म्हणून मामांनी मला मेच्या उन्हात ट्रेननं नागपूरला नेलं. मल्टिप्लेक्सचं तिकीट, पॉपकॉर्न, फुल्ल ऐश! आणि इंटरव्हलच्या आसपास कळलं की जॉन हॅरिसन नावानं फिरणारा तो माणूसच खान आहे. बेनेडिक्ट कम्बरबॅच. गोरापान, शुद्ध ब्रिटिश उच्चार.

परतीच्या ट्रेनमध्ये भंडारा रोड येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, 'काहून बाप्पा, एक तर आपल्या नावाचा माणूस होता. त्यालेबी गोरा केला!'

ते एकटे नव्हते. त्याच वर्षी लास व्हेगासच्या अधिवेशनात फॅन्सनी सगळ्या सिनेमांची क्रमवारी लावली. पहिला आला 'रॅथ ऑफ खान' आणि शेवटचा, अगदी तळाला, 'इन्टू डार्कनेस'. मला तो सिनेमा तेव्हा आवडला होता (प्लीज, मामांना सांगू नका).

पण गंमत बघा. मामांचा लाडका खान साकारणारा रिकार्डो मॉन्टलबान होता मेक्सिकोचा. म्हणजे भारतीय पात्र केलं मेक्सिकन नटानं आणि खरीखुरी भारतीय नटी झाली परग्रहावरची बाई! हे मी एकदा मामांना ऐकवलं. ते म्हणाले, 'पोरी, मले माहीत हाय. पण नाव तं आपलं होतं. तेवढंच भेटलं, तं तेवढंच धरलं.' मी गप्प.

फॅन लोक किरकिरे असतात, असं आपण सरसकट म्हणतो. 2002 ची 'फायरफ्लाय' बघा, 14 एपिसोड बनले आणि गाशा गुंडाळला. फॅन्सनी डीव्हीडी खरेदी करून करून 2005 मध्ये 'सेरेनिटी' हा सिनेमा पदरात पाडून घेतला. त्यात त्यांचा लाडका पायलटच मारला! किरकिर करणार नाहीत तर काय?

आता माझी पाळी आहे. 'शक्तिमान' 1997 ते 2005 चालली आणि शेवटची काही वर्षं माझ्याही रविवारची दुपार तिच्या नावावर होती. 2022 च्या फेब्रुवारीत सोनीनं तिच्यावरच्या सिनेमांची घोषणा केली. 2024 मध्ये रणवीर सिंगचं नाव आलं, तेव्हा मुकेश खन्नांनी जाहीर नकार दर्शवला. ती बातमी वाचून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तावातावानं बोलत होते. शेवटी मुलांना समजावणारा तो भाग सिनेमात कसा बसवणार? गंगाधरचे ते पुढे आलेले दात ठेवणार का? मैत्रीण म्हणाली, 'अगं, तू तुझ्या मामांसारखी बोलतेयस.'

मी लगेच गोंदियाला फोन लावला. मामा हसले.

'येऊ दे. मी येतो. नागपूरची तिकिटं तू काढजो.'