मांजर ठेवा, तिची घाण सांभाळा

सातवा महिना लागला तशी आमची धाकटी बहीण बाळंतपणासाठी धाराशिवला माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाला अम्मींना म्हणाल्या, "बाजी, पोटुशी पोर घरात अन् मांजर कशाला? गोणीत घालून वेशीबाहेर सोडून या." अम्मी घाबरल्या. मांजर आमच्याकडे 4 वर्षांपासून. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मांजर हाकलू नका. तिची घाण मात्र बहिणीला काढू देऊ नका आणि ती रोजच्या रोज काढा."

तेव्हा आमची चूक आमच्या लक्षात आली. मांजरीच्या खोक्यातली माती आम्ही आठवड्यातून एकदा मागच्या उकिरड्यावर टाकत होतो. तेच खत वाफ्यातल्या मेथी-कोथिंबिरीला जात होते.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी काही मांजरींच्या विष्ठेतून बाहेर पडतो. उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्याने तो मांजरीत येतो. ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही. त्याला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून रोज घाण काढली की निम्मी काळजी मिटते. ओल्या मातीत मात्र तो वर्षाहून अधिक टिकतो आणि घरच्या खतखड्याच्या उबेने मरेलच असे नाही. गरोदरपणी पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. शेळ्या-मेंढ्यांनाही तो सोडत नाही. चाऱ्यात मांजरीची विष्ठा गेली तर शेळी गाभ टाकू शकते. ज्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी दूरवर नावाजली जाते, तिथे हे विसरून चालणार नाही.

घाण संडासात किंवा नालीत सोडणेही बरे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे याच परजीवीने मेल्याचे आढळले आहे. जमिनीवरची घाण पाण्याबरोबर समुद्रापर्यंत पोहोचली. आपल्याकडे तर उन्हाळ्यात विहीर आणि बोअर यांच्यावरच घर चालते.

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी पाण्याचे भांडे मांजरीपुढे कलते केले, हा प्रसंग आपल्या घरांत मुलांनाही माहीत असतो. मांजर नापाक नाही, तिच्या उष्ट्या पाण्याने वुजू करता येते, हे आपण त्यातून शिकलो. पण तिची विष्ठा नजिसच आहे. ती दुसऱ्याच्या दारात, वाटेत किंवा पाण्यात जाऊ न देणे हे मांजर पाळणाऱ्याचे काम.

आता आमच्या घरी असे चालते. दुकानात मिळणारी बहुतेक माती बेंटोनाइटची असते. ती खाणीतून येते, कुजत नाही आणि ओली झाली की फुगून नाली तुंबवते. तिच्याऐवजी आम्ही खोक्यात लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेले सोयाबीनचे भुसकट घालतो. खाली जुने वर्तमानपत्र अंथरतो, मात्र त्यावर अल्लाहचे नाव किंवा आयत छापलेली नाही हे पाहून. हातमोजे घालून रोज सकाळी विष्ठा आणि ओला भुसा काढतो, मग साबणाने हात धुतो.

अंगणाच्या टोकाला, बोअर, हौद आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, 2 फुटांचा खड्डा केला आहे. रोजची घाण त्यात टाकून वर मातीचा थर देतो. खड्डा भरला की बुजवून दुसरा करतो. बुजवलेल्या जागी भाजी लावत नाही. जास्वंद लावली आहे. ज्यांना अंगण नाही त्यांनी घाण कागदात घट्ट गुंडाळावी, ओल्या कचऱ्यात मिसळू नये, कारण त्याचे खत होते. घंटागाडीवरच्या माणसाला पुडके वेगळे द्यावे आणि त्यात काय आहे तेही सांगावे. उघड्या हाताने तो ते उचलणार असतो.

मांजरीला कच्चे छिछडेही आता देत नाही, शिजवून देतो.

बहिणीला मुलगी झाली. माय-लेकी सुखरूप आहेत, अल्हम्दुलिल्लाह. मांजरही घरातच आहे. परवा खाला आल्या, खड्डा पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेलाही दाखव गं." त्यांच्याकडे 2 मांजरी आहेत.