बर्फ अडवला, मासळी गेली

जगाच्या नकाशावर शोधायला भिंग लागेल असं एक गाव आहे, फ्लाटेयरी. आइसलँडच्या वायव्य टोकाला, वेस्टफ्योर्द नावाच्या भागात, डोंगरांमध्ये घुसलेल्या खाडीत वाळूच्या एका जिभेवर वसलेलं. वस्ती दोनशेच्या आसपास. मागे उभा डोंगर, पुढे पाणी, मध्ये रंगीत पत्र्याची घरं. फोटो बघाल तर म्हणाल, निवृत्त होऊन इथेच राहायला जावं.

मंडळी, या गावाबद्दल आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. कारण "छोटी गावं ओस का पडतात?" या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: सोयी नाहीत, रस्ता नाही, सरकार लक्ष देत नाही. फ्लाटेयरीत रस्ता आहे, बोगदा आहे, वीज आहे, इंटरनेट आहे, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. सरकारने लक्ष दिलं नाही असं तर म्हणताच येत नाही. तरी गाव निम्म्यावर आलं. का, ते बघू.

आधी सरकारने काय केलं ते सांगतो, कारण त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

२६ ऑक्टोबर १९९५. पहाटे चारच्या सुमारास, गाव झोपेत असताना, डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि घरांवर आला. २० माणसं गेली. तेव्हा गावाची वस्ती चारशेच्या आत होती, म्हणजे साधारण दर वीस माणसांमागे एक. धोक्याच्या रेषेबाहेरची, सुरक्षित समजली जाणारी घरंही त्यात सापडली. त्याच वर्षी जानेवारीत याच भागातल्या सूदाविक गावात बर्फाखाली १४ जणांचा जीव गेला होता. एका वर्षात ३४ माणसं. आणि तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत.

यावर देशाने हात झटकले नाहीत. १९९८ पर्यंत फ्लाटेयरीच्या वर मातीचे प्रचंड बंधारे उभे राहिले. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचे, येणारा बर्फ दोन्ही बाजूंना वळवून समुद्रात सोडणारे. यासाठी पैसा कुठून येतो ते महत्त्वाचं. देशातल्या प्रत्येक विमा उतरवलेल्या इमारतीवर त्यासाठी छोटा कर आहे, विम्याच्या रकमेवर दर हजारी ०.३. त्यातून अशा बंधाऱ्यांचा ९० टक्क्यांपर्यंत खर्च निघतो. राजधानी रेक्याविकमध्ये सपाट जागेवर फ्लॅटमध्ये राहणारा माणूस, ज्याच्या घरावर आयुष्यात कधी बर्फाचा कडा येणार नाही, तोही फ्लाटेयरीच्या बंधाऱ्यासाठी पैसे भरतो. जमलेला सगळा पैसा या कामावर खर्च होत नाही अशी टीकाही तिथे झाली आहे, आणि ती योग्यच आहे. पण तत्त्व बघा: डोंगराचा धोका एकट्या गावाचा नाही, देशाचा.

बंधाऱ्यांची खरी परीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली. पुन्हा दोन कडे सुटले. बराचसा बर्फ बंधाऱ्यांनी वळवला. काही भाग वरून उसळून एका घरावर आला, तिथून एका शाळकरी मुलीला जिवंत बाहेर काढलं. बंदरातल्या नौका बुडाल्या. रस्ता बंद होता, तेव्हा तटरक्षक दलाचं जहाज मदतीला आलं. पण या वेळी एकही माणूस गेला नाही.

आता दुसरी गोष्ट. हिचा आवाज झाला नाही.

२००७ साली फ्लाटेयरीतल्या मुख्य मासेमारी कंपनीने, तिचं नाव काम्बुर, आपल्या नौका आणि कोटा विकून टाकला आणि काम बंद केलं. गावातला सर्वात मोठा रोजगार गेला. मासळी समुद्रात होती तिथेच होती. बंदर होतं तिथेच होतं. मासे कापणारे, साफ करणारे हात होते तिथेच होते. फक्त मासा पकडायचा हक्क गावातून निघून गेला.

हे कसं होऊ शकतं, ते समजून घ्यायला कोटा म्हणजे काय हे थोडक्यात. वर्षाला किती मासा काढला तर साठा टिकेल हे शास्त्रज्ञ सांगतात, सरकार आकडा जाहीर करतं. त्या आकड्यातला ठरावीक टक्का प्रत्येक नौकेच्या नावावर असतो. कॉड माशासाठी ही पद्धत १९८४ मध्ये आली. सुरुवातीचं वाटप फुकट झालं, आधीच्या तीन वर्षांत कोणत्या नौकेने किती मासा आणला त्यावरून. मग १९९० च्या कायद्याने हा कोटा सर्रास विकता येईल, भाड्याने देता येईल असा झाला. गंमत म्हणजे त्याच कायद्याचं पहिलंच कलम सांगतं की आइसलँडच्या पाण्यातले मासे ही राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे.

आता विचार करा. नौकेने मासा आणला म्हणजे कोणी आणला? मालकाने पैसा घातला, खरं. पण तांडेल आणि खलाशी गावातले होते. धक्का पालिकेने बांधला होता. कारखान्यात थंड पाण्यात हात घालून मासे कापणाऱ्या बायका गावातल्या होत्या. पुढे हे काम करायला पोलंडहून माणसं आली, तीही इथेच राहिली, त्यांची मुलं इथल्या शाळेत गेली. या सगळ्यांच्या कष्टातून जो 'इतिहास' तयार झाला, त्याचं रूपांतर कोट्यात झालं. आणि तो कोटा एकट्या नौकामालकाच्या नावावर चढला.

यात कुणी चोर नाही, हे मुद्दाम सांगतो. विकणाऱ्याने काही बेकायदा केलं नाही. कर्ज होतं, क्रोना हे तिथलं चलन महाग झालं होतं, कोट्याला चांगला भाव येत होता. शिवाय त्याच वर्षी सरकारने कॉडचा एकूण आकडा १ लाख ९३ हजार टनांवरून १ लाख ३० हजार टनांवर आणला. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर कदाचित तेच केलं असतं. म्हणून प्रश्न माणसाचा नाही, नियमाचा आहे. एका माणसाच्या सहीने अख्ख्या गावाचं पोट हलतं, आणि ती सही करायला गावाला विचारावंही लागत नाही, असा नियम का असावा?

कायद्यात एक दिलासा होता. नौका बाहेरगावी विकायची झाली तर स्थानिक पालिकेला आधी विकत घ्यायची संधी द्यावी लागते. पण ही तरतूद नौकेच्या विक्रीपुरती. नौका ठेवून नुसता कोटा दुसरीकडे वळवला, किंवा कंपनीचे शेअर्सच विकले, तर गावाच्या हाती काही उरत नाही. दाराला कुलूप लावलं, खिडकी उघडी ठेवली.

आणि मासळी गेली की मागोमाग काय जातं, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. बर्फ बनवणारा, इंजिन दुरुस्त करणारा, जाळी शिवणारा यांची कामं जातात. तरुण कुटुंबं निघतात. पट कमी झाला की शाळेची चर्चा सुरू होते. गिऱ्हाईक कमी म्हणून दुकानाची वेळ कमी, वेळ कमी म्हणून गिऱ्हाईक आणखी कमी. घर विकायचं म्हटलं तर बांधायला लागले तेवढेही पैसे येत नाहीत, म्हणजे ज्याची सगळी पुंजी घरात अडकली तो जाऊही शकत नाही. स्वस्त झालेली घरं शहरातले लोक उन्हाळ्यापुरती घेतात. मग जुलैमध्ये गाव भरलेलं दिसतं आणि जानेवारीत निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो.

"पण रस्ता तर दिला ना?" हो, दिला. १९९६ मध्ये नऊ किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि फ्लाटेयरी इसाफ्योर्दुर या मोठ्या गावाशी जोडलं गेलं. मोठं म्हणजे वस्ती तीन हजारांच्या आत, पण तिथे हॉस्पिटल आहे, विमानतळ आहे, नोकऱ्या आहेत. बोगद्याने जीव वाचतात, त्याच्या किमतीबद्दल वाद नाही. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. त्याच वर्षी फ्लाटेयरीची पालिका इसाफ्योर्दुरच्या पालिकेत विलीन झाली. म्हणजे निर्णयही बोगद्यापलीकडे गेले.

इथून बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे. रेक्याविकमध्ये तळ्याकाठी सरकारी मंत्र्यांच्या बैठका आणि समारंभ होतात ते देखणं लाकडी घर मुळात फ्लाटेयरीजवळच्या सोलबाक्की इथलं. नॉर्वेच्या एका देवमासे पकडणाऱ्या उद्योजकाने ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलं होतं. पुढे ते सुटं करून राजधानीत नेलं. घरसुद्धा गेलं, कोट्याचं काय घेऊन बसलात!

आता दुसरी बाजू, कारण ती नीट मांडली नाही तर ही पोस्ट नुसती रडगाणं होईल.

कोटा पद्धतीने आइसलँडचा मासा वाचवला. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांचा हेरिंग मासा अति मासेमारीने जवळजवळ संपला होता, आणि त्यावर जगणारी उत्तरेकडची गावं एका फटक्यात बसली होती. तो धडा ते विसरले नाहीत. २००७ ला कॉडचा आकडा कापला तेव्हा बोंबाबोंब झाली, पण साठा सुधारला आणि २०१९-२० साठी २ लाख ७० हजार टनांच्या वर आकडा देता आला. तिथली मासेमारी अनुदानावर जगत नाही, उलट सरकारला शुल्क भरते. हे शुल्क वाढवण्याचा कायदा जुलै २०२५ मध्ये झाला तेव्हा तिथल्या संसदेत विक्रमी लांबीची चर्चा झाली. मासाच उरला नाही तर गाव कसलं वाचवणार? म्हणून मर्यादा हवीच. मुक्त मासेमारी हा काही उपाय नव्हे.

पण मासा वाचवायला आकडा लागतो. तो आकडा कुणाच्या नावावर लिहायचा आणि कुठे विकू द्यायचा, हा पूर्णपणे वेगळा निर्णय आहे. दोन्ही एकाच पुडीत बांधून "हे शास्त्र आहे" म्हणून देऊ नये. २००७ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने दोन आइसलँडी मच्छीमारांच्या तक्रारीवर मत दिलं की सुरुवातीच्या लाभार्थ्यांना असा कायमचा हक्क देणं भेदभावाचं आहे.

त्यानंतर काही मलमपट्टी झाली. २००९ पासून उन्हाळी किनारी मासेमारी सुरू झाली. मे ते ऑगस्ट, छोट्या नौका, जाळं नाही, फक्त गळाची चार यंत्रं, एका फेरीला जास्तीत जास्त १४ तास, आणि दिवसाला कॉडच्या हिशेबात ६५० किलोंची मर्यादा. कल्पना फार चांगली. पण सगळ्या देशासाठी एकच वाटा ठेवलेला, त्यामुळे गेली काही वर्षं तो जुलैमध्येच संपतो आणि नौका धक्क्याला लागतात. दुसरा उपाय म्हणजे अडचणीतल्या गावांसाठी सरकारने राखलेला कोटा. त्याने फ्लाटेयरीसारख्या ठिकाणी थोडं काम टिकतं. पण तो मुदतीचा असतो. मुदतीच्या मासळीवर तीस वर्षांचं गृहकर्ज कोण काढेल?

मग येतात मोठ्या कंपन्यांची सामन माशाची तरंगती शेती, पर्यटक, नव्या कल्पना. सामन शेतीने वेस्टफ्योर्दमध्ये रोजगार आणला हे खरं, पण २०२३ मध्ये पिंजऱ्यातून हजारो मासे निसटले आणि नद्यांतल्या जंगली माशांवरून देशभर आंदोलन झालं. त्याच वर्षी इसाफ्योर्दुरच्या केरेसिस कंपनीची साधारण १३० कोटी डॉलर्सना विक्री झाली. कॉडच्या कातडीपासून जखमा भरून काढणारं आवरण ती बनवते. कौतुकच आहे. पण प्रत्येक खाडीत केरेसिस निघत नाही. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये फ्लाटेयरीत लोकशाळा निघाली. परीक्षा नाही, तरुण एक हिवाळा येऊन राहतात, समुद्र आणि डोंगर शिकतात. तीसेक विद्यार्थी. दोनशेच्या गावात तीस तरुण म्हणजे जानेवारीतल्या किती खिडक्या उजळल्या, बघा.

तर माझं म्हणणं एवढंच. जो देश डोंगराचा धोका सगळ्यांत वाटून घेतो, त्याने बाजाराचा धोका एकट्या गावावर का टाकावा? कोट्याचा निदान एक भाग नौकेला न बांधता बंदराला बांधा, म्हणजे मालक बदलला तरी मासा त्याच धक्क्यावर उतरेल. कंपनी विकली तरी गावाला आधी विचारा. आणि जे शुल्क रेक्याविकच्या तिजोरीत जातं, त्यातला ठरलेला वाटा ज्या बंदरांतून मासा आला तिथे परत द्या. यातलं काहीच क्रांतिकारी नाही. बंधाऱ्याचाच न्याय आहे.

कोकणात ही कोटा पद्धत नाही, त्यामुळे तिथली उत्तरं उचलून इथे लावायचं कारण नाही. पण "हक्क विकता आला की कार्यक्षमता वाढते" असं कुणी आपल्याला समजावायला आलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: विकल्यावर मासळी कुठल्या धक्क्याला उतरणार?

तुमच्या बंदरात गेल्या वीस वर्षांत काय गेलं आणि काय टिकलं, ते कमेंटमध्ये लिहा. बर्फाचा कारखाना, लिलाव, शाळेचा पट, काहीही. सगळ्यांचं वाचणार आहे.