लाँचपॅडचा दिवा कोणाच्या हुकमावर?

नोव्हेशनचा ६४ बटणांचा लाँचपॅड हे डीजेच्या टेबलावरचे खेळणे, असा समज आहे. प्रत्यक्षात थोडा कोड येणाऱ्या कोणालाही तो आपल्या मर्जीने चालवता येतो.

‘लाँचपॅड एक्स’चेच पाहा. बटण दाबले की संगणकाकडे तीन आकडे जातात : संदेशाचा प्रकार, बटणाचा क्रमांक आणि दाबाचा जोर. ‘प्रोग्रामर मोड’मध्ये मात्र बटण दाबून दिवा लागत नाही! त्यासाठी कोडमधून तीन आकडे परत पाठवावे लागतात. १४४, ११, ५ पाठवले की डावीकडचे सर्वांत खालचे बटण लाल होते. ११ म्हणजे पहिली ओळ, पहिला रकाना. १४४ ऐवजी १४६ पाठवले तर तोच दिवा मंद-प्रखर होत राहतो. पायथनच्या ‘मिडो’ लायब्ररीत हे मोजक्या ओळींचे काम.

भाषा १९८३च्या मिडी मानकाची. पण कोणता आकडा कोणता रंग, हे कंपनीने जाहीर पुस्तिकेत दिले, म्हणून हे शक्य झाले. केवळ कंपनीच्या अ‍ॅपवर चालणाऱ्या उपकरणाचे तसे नसते. अ‍ॅप बंद पडले, की चांगले यंत्रही अडगळीत. पैसे ग्राहकाने मोजले असतील, तर आकडेही त्याला मिळायलाच हवेत. वॉरंटी विचारताना दुकानदाराला ही पुस्तिकाही जरूर विचारावी.