जुना खेळ, नवे यंत्र आणि कारागिराची मजुरी

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे सुभेदार तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांची समाधीही तेथेच आहे. माघ वद्य नवमीला पुण्यतिथीच्या दिवशी गावात माणसांची गर्दी होते आणि महाड-पोलादपूरकडचे आपले काही व्यापारी बांगड्या, खेळणी, टोप्या-चष्मे घेऊन तिकडे जातात. मीही काही वर्षे गेलो आहे. तेथे बसल्या बसल्या एक विचार मनात येतो. या एका माणसाची गोष्ट आजवर किती वेळा विकली गेली? आधी शाहीर तुळशीदासाचा पोवाडा. मग हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी. १९२३ साली बाबुराव पेंटरांचा मूकपट 'सिंहगड', १९३३ साली व्ही. शांतारामांचा बोलपट 'सिंहगड' आणि २०२० साली हिंदीत 'तान्हाजी'. गोष्ट तीच, यंत्र मात्र दर वेळी नवे. तरीही आपली फसवणूक झाली अशी तक्रार कोणी प्रेक्षकाने केल्याचे ऐकिवात नाही. कारण दर वेळी कोणीतरी नव्याने घाम गाळला होता.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे माझा पुतण्या. तो पुण्यात व्हिडिओ गेमचे प्रोग्राम लिहितो. नोकरी नाही, कामावर ठरवून पैसे. त्याने चार-पाच वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीसाठी एका खेळाचे बरेचसे काम केले होते. मध्यंतरी तोच खेळ नव्या यंत्रावर पुन्हा बाजारात आला. त्याला ही बातमी मित्राकडून कळली. ईदला घरी आला तेव्हा म्हणाला, "चाचा, माल माझा, दुकान दुसऱ्यांदा उघडलं, आणि मला कुणी साधं बोलावलंसुद्धा नाही." मी म्हटले, "आधी तू सही कशावर केलीस तो कागद दाखव." कागद पाहिला आणि गप्प बसलो. त्याकडे पुढे येतोच.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायचे जे यंत्र, त्याला कन्सोल म्हणतात. दर सहा-सात वर्षांनी कंपन्या नवे यंत्र काढतात. जून २०२५ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'स्विच २' काढले, तेव्हा अमेरिकेत किंमत साडेचारशे डॉलर. नवे यंत्र आले की जुने खेळ पुन्हा रंगरंगोटी करून त्यावर आणायची लाट येते. त्यात मोठ्या कंपन्या असतात, तसे दोन-चार जणांनी किंवा एकट्याने स्वतःच्या हिमतीवर खेळ बनवणारेही असतात. या दुसऱ्या वर्गाला धंद्यात 'इंडी' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कारखानदार नव्हे, कारागीर.

आता मुद्दा असा की जुना माल नव्या पेटीत घालून पुन्हा विकणे हा सरळ व्यवहार आहे की नाही? माझे मत स्पष्ट आहे. आहे, पण अटीवर.

आधी वाईट उदाहरण सांगतो, कारण ते माझ्या स्वतःच्या गल्ल्यातले आहे. नव्वदच्या दशकात मी दुकानाच्या अर्ध्या भागात दोन टीव्ही लावून तासावर व्हिडिओ गेम चालवत असे. यंत्रे जपानी यंत्राच्या नकला, कॅसेट पिवळ्या रंगाच्या, सगळा माल मुंबईच्या मनीष मार्केटमधून. कॅसेटवर छापलेले असायचे '९९९९ इन १'. म्हणजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! प्रत्यक्षात यादी खाली खाली नेली की कळायचे, खरे खेळ मोजकेच. मारिओ, टँक, काँट्रा, सर्कस, बंदुकीने बदके मारायचा तो एक. आणि मग तेच पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून, कधी नुसते नाव बदलून. मी ते माल म्हणून विकले. पोरांचे बाप विचारायचे, "खरंच इतके खेळ आहेत का हो?" मी म्हणायचो, "कॅसेटवर छापलंय ना." आज त्या उत्तराची लाज वाटते. खोटे मी छापले नव्हते, पण गिऱ्हाइकाने विचारल्यावर खरे सांगितलेही नव्हते. शिवाय त्या कॅसेटमधला एकही पैसा मूळ खेळ बनवणाऱ्यापर्यंत जात नव्हता, हे तर आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

याच्या उलट एक उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ बनवला. आपल्या भावाला सोडवायला निघालेल्या एका मुलीची गोष्ट. २०१७ साली त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. संस्थापकांपैकी एकीने राहते घर विकून काम चालू ठेवले. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर पडला तो आधी निन्टेंडोच्या स्विचवर. गंमत अशी की ते यंत्र निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलेच नव्हते. पुण्यात तयार झालेला माल, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला त्याचे यंत्र हवे तर लॅमिंग्टन रोड गाठा किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगा. बाकीच्या यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये आला. मग २०२२ साली त्यांनीच त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. हिंदी आवाज घातले, मारामारी आणि चित्रे सुधारली, नव्या यंत्रांसाठी बसवली. आणि ज्यांनी आधी विकत घेतला होता त्यांना ती फुकट दिली.

यावर आपल्यातले काही हिशेबी लोक म्हणतील, मग कमावले काय? मी म्हणतो, जुने गिऱ्हाईक कमावले. घर विकून धंदा उभा करणाऱ्यालाही हे परवडले, याचा अर्थ हिशेब अगदीच चुकीचा नसावा. अमेरिकेतल्या एरिक बरोन या तरुणाने साडेचार वर्षे एकट्याने खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ २०१६ साली काढला. त्यानंतर वर्षानुवर्षे नवी भर फुकट देत राहिला. २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. दुसऱ्या बाजूला निन्टेंडोसारखी बलाढ्य कंपनी आपल्या 'झेल्डा'च्या दोन जुन्या खेळांची नव्या यंत्रावरची सुधारणा जुन्या गिऱ्हाइकालाही दहा-दहा डॉलर घेऊन देते. तेही गैर आहे असे मी म्हणणार नाही. शिंपी जुना कोट उसवून नवे अस्तर लावतो तेव्हा अस्तराचे पैसे घेतोच. मात्र अख्ख्या कोटाचे पुन्हा घेत नाही.

पुन्हा विकण्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोठे आहे. न विकलेला खेळ मरतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळतच नाहीत, असे त्यात निघाले. जपानच्या दाइसुके आमाया यांचे उदाहरण घ्या. त्यांनी पाच वर्षे एकट्याने काम करून 'केव्ह स्टोरी' हा खेळ २००४ साली लोकांना फुकट दिला. २०१० मध्ये तो निन्टेंडोच्या 'वी' या यंत्राच्या इंटरनेट दुकानात पैशाने मिळू लागला. ते दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. खेळ तोवर, २०१७ साली, स्विचवरही आला होता. ज्यांचे दुसरे दुकान उघडलेच नाही त्यांचा माल तिथेच गाडला गेला. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोची आणखी दोन जुनी इंटरनेट दुकाने अशीच बंद झाली.

मूळ प्रत जपण्याचाही प्रश्न आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्यापैकी अनेकांनी शाळेतल्या किंवा क्लासच्या संगणकावर खेळला असेल. १९८९ सालच्या त्या खेळाचा मूळ प्रोग्राम जॉर्डन मेकनर यांच्याकडून हरवला होता. तो २०१२ साली सापडला तो त्यांच्या वडिलांच्या घरी, एका खोक्यात पडलेल्या जुन्या फ्लॉपींवर. त्याच वर्षी कोनामी या मोठ्या कंपनीने 'सायलेंट हिल'चे जुने भाग नव्याने काढले. तयार मालाचा शेवटचा प्रोग्राम कंपनीकडे नव्हता, म्हणून अर्धवट प्रतीवरून काम करावे लागले आणि माल सदोष निघाला. कोट्यवधींची कंपनी, पण साचा सांभाळला नाही. महाडकरांना हे वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी बाजारात शिरले तेव्हा कोणाच्या वह्या वाचल्या? ज्यांनी माळ्यावर ठेवल्या होत्या त्यांच्या. माझ्या त्या पिवळ्या कॅसेटी खालच्या कपाटात होत्या, गेल्या. (त्यांचे दुःख नाही.) पण पुतण्याची जुनी हार्ड डिस्क शिलाई मशीनच्या खोक्यात वरती होती, ती आजही चालते.

आता त्याच्या कागदाकडे येतो. करार इंग्रजीत, दीड पानांचा. त्यात एक ओळ होती. खेळाचे सर्व हक्क, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व यंत्रांसाठी, सर्व जगभर, कायमचे, ठरलेल्या एकरकमी पैशात. या ओळीखाली त्याची सही. एकोणतीस वर्षांचा पदवीधर मुलगा, त्याने ती वाचली होती. "सगळेच अशी सही करतात," म्हणाला.

आपला कायदा काय म्हणतो ते व्यापारी आणि कारागीर बंधूंनी माहीत करून घ्यावे, कारण हे फक्त खेळापुरते नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेले काम, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचे. पण सुटे काम करणाऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मुळात त्याचा. तो लेखी करारानेच दुसऱ्याच्या नावे होतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ साली कायद्यात एक कलम घातले गेले. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा धंद्यात नव्हते, त्यावर तो करार लागू होत नाही, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. नवे कन्सोल म्हणजे नवे माध्यम की जुनेच, यावर वकील भांडतील. पुतण्याच्या कागदात 'पुढे येणाऱ्या सर्व यंत्रांसाठी' असे लिहून त्या भांडणाची सोय आधीच करून ठेवली होती. कंपनीने कायद्याबाहेर काही केले असे मी म्हणत नाही. पण ज्या ओळीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी ठाऊक नाही, तिला मी बरोबरीचा सौदा मानत नाही.

हे आपल्याकडे नवे आहे का? नक्षीचा साचा करणारा एकदाच मजुरी घेतो आणि मालक त्याच साच्यावर आयुष्यभर माल काढतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. आपल्या कित्येक कारागिरांनी ते नशीब म्हणून घेतले. फरक एवढाच की कागदावर एक ओळ घालता येते हे साच्यावाल्याला कोणी सांगितले नव्हते, आणि या मुलांना ते आता कळू शकते.

दुकानदारांना एक इशारा, कारण जुन्या खेळांची देवघेव हा आपल्या काही मंडळींचा चालता धंदा आहे. स्विच २ साठी काही खेळांच्या डब्यात 'गेम-की कार्ड' येते. कार्ड दिसायला नेहमीसारखे, पण त्यात खेळ नसतो, असते ती फक्त किल्ली. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. कार्ड पुढे विकता येते हे खरे, पण उद्या कंपनीचे दुकान बंद झाले की ते कार्ड म्हणजे कुलूप नसलेली किल्ली. डब्यावर तसे लिहिलेले असते. जुना डबा विकत घेताना ते वाचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. माझ्यासारखे 'छापलंय ना' म्हणू नका.

पुतण्याला नवे काम आले आहे. या वेळी त्याने मसुदा सही न करता महाडला आणला. बाजारातल्या एका ओळखीच्या वकिलाने 'पुढे येणाऱ्या सर्व यंत्रांसाठी' हे शब्द खोडले आणि त्याजागी कोणती यंत्रे ते नावानिशी लिहिले. खाली जोडले की दुसऱ्या यंत्रावर खेळ पुन्हा काढल्यास ठरलेला हिस्सा द्यावा आणि ज्यांनी आधीचा विकत घेतला आहे त्यांना पूर्ण किमतीत तो पुन्हा विकू नये. ही शेवटची अट पुतण्याची स्वतःची. वकील म्हणाले, ही तुझ्या फायद्याची नाही. तो म्हणाला, राहू द्या. मसुदा गेल्या आठवड्यात पुण्याला परत गेला आहे, उत्तर अजून यायचे आहे.