जिताडा शिकायला कलिनाला का जायचं?

पेणच्या खारेपाटात घराशेजारी तळं आणि तळ्यात जिताडा, ही जुनी रीत आहे. वाशी, वढाव, दादर, कुठेही जा. पावसाळ्यात खाडीतली पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं पोसायची. मग घरात कार्य निघालं किंवा जावई आला की जाळं पडतं.

माझी एक मैत्रीण इकडचीच. टीवायबीएस्सीला आहे, विषय झूलॉजी. जिताडा तिला लहानपणापासून ताटात भेटलाय, अभ्यासात एकदाही नाही. तिचा फील्ड प्रोजेक्ट? नेटवरून उतरवलेला, स्पायरल बाइंडिंग केलेला. वर्गातल्या बहुतेकांचा तसाच. सही झाली, मार्क मिळाले, विषय संपला.

खरं तर हा मासा भन्नाट आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाजवळचं खारं पाणी लागतं. म्हणजे तळ्यातला जिताडा कितीही गलेलठ्ठ झाला तरी तळ्यात त्याची पिल्लं होणार नाहीत. दरवर्षी पिल्लं खाडीनेच द्यायची. आणि खाडीतले मोठमोठे जिताडे आपण धरून संपवले, तर त्यात माद्याच जास्त जाणार. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्येच हॅचरीत त्याची पिल्लं तयार करून दाखवली. आपल्या तळ्यांत पिल्लं जगण्याचं प्रमाण किती, पाण्याचा खारेपणा महिन्यागणिक कसा बदलतो, हे मोजायला झूलॉजीवाला लागेल, केमिस्ट्रीवाला लागेल, आकडेमोड जमणारा कुणीतरी लागेल. शिवाय तळ्याच्या मालकाशी आगरीत बोलणाराही लागेल. तो तर इथे वर्गात ढिगाने आहे.

असं भिंती पाडून विज्ञान शिकवणारी जागा मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात आहे. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून 2007 मध्ये मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र काढलं. बारावीनंतर ‘नेस्ट’ परीक्षा द्यायची आणि पाच वर्षांचं एकात्मिक एमएस्सी करायचं. जीवशास्त्राची आवड घेऊन आलेल्यालाही सुरुवातीला गणित, भौतिकशास्त्र चुकत नाही. मला हे फार आवडतं. (मी स्वतः बारावीनंतर सायन्सला रामराम ठोकून मास कॉमला आले, त्यामुळे आवडायला माझं काय जातंय म्हणा!)

पण पेणहून कलिना म्हणजे एसटीने किंवा मेमूने पनवेल, तिथून हार्बरने कुर्ला, पुढे बस नाहीतर रिक्षा. रोज जमण्यासारखं नाही, आणि मुंबईत खोली घ्यायची तर घरचे आधी खर्च विचारतात. बरं, एखादी मुलगी पोचली तरी तळं मागे पेणलाच राहतं.

‘महागडी यंत्रं काय तालुक्या-तालुक्याला ठेवायची का?’ असं कुणी विचारेल. नका ठेवू. पण पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र बघा. कोकण कृषी विद्यापीठाचं मुख्यालय दापोलीला, तरी खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात शोधायला त्यांचं केंद्र आहे ते खारजमिनीच्या पट्ट्यात. तिथूनच पनवेल-1, 2 आणि 3 या जाती निघाल्या. शेताजवळ बसलं की प्रश्न आपोआप दारात येतात. खारेपाटात बाहेरकाठा फुटला, खांड पडली, की भरतीचं पाणी शेतात घुसतं. काही वर्षांत तिथे कांदळवन उगवतं आणि मग ते तोडायलाही कायद्याने बंदी. शेतकऱ्याने करायचं काय? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, माती परीक्षणाचा की कायद्याचा? तिन्हींचा, आणि तिन्ही विषयांची मुलं आपापल्या इमारतीत बसून वेगवेगळ्या नोट्स पाठ करतायत.

रोह्याला तर हे अजून टोचतं. तिथे धाटावची केमिकल एमआयडीसी आहे आणि कुंडलिका आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत राज्यातले 53 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात कुंडलिका सगळ्यात वरच्या गटात. बीएस्सी झालेली आमची मुलं कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रोज नमुने तपासतात. हात बसलेला असतो, यंत्रं ओळखीची असतात. पण नदीच्या पाण्याचा नमुना त्यांच्या हातात कोण देणार?

माझं मागणं लहान आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यात विद्यापीठाच्या दोन खोल्या. सूक्ष्मदर्शक, खारेपणा मोजायचं साधं उपकरण, नमुने ठेवायला फ्रीज. जड तपासण्या कलिनालाच होऊ देत, महिन्यातून दोनदा डबे पाठवू. एक मार्गदर्शक तिथला, एक इथल्या कॉलेजचा. नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेतच, ते स्पायरल बाइंडिंगला देण्यापेक्षा तळ्याला द्या. सलग पाच वर्षं पाच बॅचेसनी एकाच तळ्याचं पाणी मोजलं तरी आज नसलेली नोंदवही तयार होईल.

मैत्रिणीने गेल्या आठवड्यात धाटावच्या एका कंपनीत अर्ज टाकलाय. ‘दोन खोल्या कधी होतायत ते कळव’, म्हणाली. पिल्लं धरायचा हंगाम पावसाबरोबर सुरू होईल.