‘लट्टलूर’ हे बिरुद, राजधानी नव्हे



राष्ट्रकूट दंतिदुर्गाची राजधानी लातूर होती, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ या बिरुदावर उभे आहे, पण बिरुदाला एवढा भार पेलत नाही. सौंदत्तीचे रट्ट बेळगाव भागात राज्य करीत असूनही स्वतःला लट्टलूरचे अधीश्वरच म्हणवीत. अशा बिरुदात सत्ता नसते, मूळ गावाची ओळख असते. (पुण्यात तीन पिढ्या काढलेला लातूरकर काही लातूरचा मालक ठरत नाही!) शिवाय हे बिरुद दिसते ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या इ. स. ८६६च्या लेखांत, म्हणजे दंतिदुर्गानंतर शतकभराने, आणि तेव्हा राजधानी मान्यखेट होती.

मग लातूरचा संबंधच नाही का, असे कोणी विचारील. आहे, पण तो कुळापुरता. लट्टलूर म्हणजे लातूर हे इतिहासकार अ. स. अळतेकरांचे मत मलाही पटते. दंतिदुर्गाचा उदय मात्र सोयरिकीत शोधावा. संजानच्या ताम्रपटानुसार त्याचा बाप इंद्र याने चालुक्य राजकन्या भवनागा हिच्याशी खेटक येथे राक्षसविवाह केला. त्याच चालुक्यांची सत्ता मुलाने ७५३च्या सुमारास मोडली. पुढे गादी चुलत्याकडे, वेरूळचे कैलास लेणे कोरविणाऱ्या पहिल्या कृष्णाकडे, गेली.

— एक वाचक, नांदेड